वेळ आली होती की दिवा नव्हता?

नोव्हेंबर लागला की सोलापूर जिल्ह्यातले रस्ते उसाचे होतात. तीसहून अधिक साखर कारखाने, आणि प्रत्येकाच्या वजनकाट्यासमोर ट्रॅक्टरांची रांग. एका ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, दोन्ही अंगांनी हातभर बाहेर आलेल्या मोळ्या. मागे लाल रिफ्लेक्टर कधी काळी लावलेला असतो, पण तो लोंबणाऱ्या उसाखाली गेलेला नाहीतर चिखलाने आंधळा झालेला. दिव्याची वायर दुसऱ्या ट्रॉलीपर्यंत पोचलेलीच नसते. टायर बसला की चाकाला दगड लावून ट्रॉली रस्त्यातच उभी. टायर बदलून ती निघून जाते, दगड तिथेच राहतात. मग रात्री मागून एखादी मोटारसायकल येते.

दुसऱ्या दिवशी गावात दोन वाक्यं ऐकू येतात. ‘वेळच आली होती.’ ‘भोग असतात एकेकाचे.’ मयताच्या दारात बसलेली म्हातारी हे म्हणते तेव्हा तिच्याशी वाद घालणारा माणूस शहाणा नव्हे. पण हेच वाक्य ट्रॉलीचा मालक म्हणतो, गेटवर ट्रॉली तपासायची जबाबदारी असलेला म्हणतो, रस्त्याच्या कामाचं बिल काढणारा म्हणतो, तेव्हा ते सांत्वन नसतं, हात झटकणं असतं. आणि त्याला वजन मिळावं म्हणून कर्मसिद्धांताचं नाव पुढे केलं जातं.

हा सिद्धांत ग्रंथांत जसा मांडला आहे तसा लावून पाहिला तर या हात झटकण्याला तो आधार देत नाही. काही ठिकाणी ग्रंथच तसा आधार देतात, तिथे ग्रंथांशी भांडावं लागतं. त्या जागाही पुढे येतील.

आधी एक गुंता सोडवू. आपल्याकडे नियती, दैव आणि कर्म एकाच पोत्यात भरले जातात. मूल जन्मल्यावर पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते आणि कपाळावर लेख लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. या समजुतीत बाळाने मागे काय केलं याचा हिशेब कुठेच नाही. सटवाईच्या मनात आलं ते तिने लिहिलं. ही नियती झाली, कर्म नव्हे. बुद्धाच्या काळातला आजीवक या पंथाचा आचार्य मक्खली गोशाल नेमकं हेच पंथ म्हणून सांगत होता. सुताचा गुंडा फेकला की तो उलगडत उलगडत सूत संपेपर्यंत जातो, तसे शहाणे आणि मूर्ख दोघेही ठरलेले जन्म संपवूनच सुटतात. पुरुषकार, म्हणजे माणसाचा प्रयत्न, नावाची गोष्टच नाही, असं त्याचं म्हणणं. सुतावर जगलेल्या सोलापूरला हा दाखला चटकन समजतो. मात्र माग चालवणाऱ्याला पुढचंही ठाऊक असतं. उभी तार तुटते, माग थांबवून गाठ मारावी लागते, आणि कंटाळा केला तर तुटल्या तारेची रेघ चादरीत पुढे लांबवर दिसत राहते. गोशालाच्या गुंड्यात गाठ मारणाराच नाही.

कर्माचं तसं नाही. ‘कर्म’ म्हटलं की ‘कर्ता’ आलाच, आणि पाणिनीने कर्त्याची व्याख्या दोन शब्दांत केली आहे: ‘स्वतन्त्रः कर्ता’, जो स्वतंत्र तो कर्ता. व्याकरणाचं सूत्र आहे, तत्त्वज्ञानाचं नाही, हे खरं. पण वेदान्त्यांनीही तीच वाट धरली. त्यांचा मूळ ग्रंथ ब्रह्मसूत्र म्हणतो, ‘कर्ता शास्त्रार्थवत्त्वात्’. जीवाला कर्ता मानलं नाही तर ‘हे कर, ते करू नको’ असं सांगणाऱ्या शास्त्राला अर्थच उरत नाही. दगडाला कोणी आज्ञा करत नाही. मीमांसासूत्रं रचणाऱ्या जैमिनीने धर्माचं लक्षण ‘चोदना’, म्हणजे प्रवृत्त करणारं वचन, असं केलं तेव्हाही हीच गोष्ट गृहीत होती. ज्याला नाही म्हणता येतं त्यालाच आज्ञा करता येते.

स्वातंत्र्याची सर्वांत नेमकी मांडणी मात्र सापडते ती ज्यांच्याकडून अपेक्षा नसते त्या शंकराचार्यांकडे. ब्रह्मसूत्राच्या दुसऱ्याच सूत्रावरच्या भाष्यात ते ज्ञान आणि कर्म यांतला फरक सांगतात. ज्ञान वस्तूवर अवलंबून असतं. समोर खांब असेल तर ‘खांब’ हेच खरं, तुमच्या मर्जीने तो माणूस होत नाही. कर्म मात्र करता येतं, न करता येतं, किंवा वेगळ्या तऱ्हेने करता येतं. उदाहरण अगदी रोजचं: माणूस घोड्यावरून जातो, पायी जातो, आणखी कशाने जातो, किंवा जातच नाही. जगाला मायिक म्हणणारा तत्त्ववेत्ता व्यवहारातल्या निवडीबद्दल इतका ठाम आहे.

मग प्रारब्धाचं काय? सगळा घोळ या शब्दात आहे. नेहमीची विभागणी अशी: साठलेलं ते संचित, त्यातलं फळ द्यायला लागलेलं ते प्रारब्ध, आणि आता करतो ते क्रियमाण. भात्यातले बाण, सुटलेला बाण आणि धनुष्याला लावलेला बाण, असा दाखला देतात. टिळकांनी ‘गीतारहस्या’त ‘कर्मविपाक आणि आत्मस्वातंत्र्य’ या प्रकरणात ही तिहेरी वाटणी बरोबर नाही असं दाखवलं आहे. ब्रह्मसूत्रात भेद दोनच: ज्याचं फळ सुरू झालं ते आणि ज्याचं सुरू झालं नाही ते. ‘क्रियमाण’ हा वेगळा तिसरा ढीग नाही. ही दुरुस्ती किरकोळ वाटते, पण हिशेब त्यामुळे सरळ होतो. सुरू झालेलं भोगायचं. सुरू न झालेल्याचा नाश होऊ शकतो, नाहीतर ज्ञानाने मोक्ष मिळतो या म्हणण्याला जागाच राहिली नसती.

सुरू झालेलं कर्म देतं तरी काय, याचं उत्तर पतंजलीच्या योगसूत्राने एका समासात दिलं आहे: ‘जात्यायुर्भोगाः’. कोणत्या योनीत जन्म, किती आयुष्य आणि कोणते सुखदुःखाचे अनुभव. यादी इथे संपते. तीन फळांत ‘कृती’ नाही, ‘निर्णय’ नाही. माझ्या वाट्याला दुःख येणं हा विपाक, म्हणजे कर्माचं पिकलेलं फळ, असू शकतो, मी तुमच्या वाट्याला दुःख आणणं हा माझा विपाक असू शकत नाही. ते माझं नवं कर्म असतं आणि त्याचं खातं नव्याने उघडतं. ‘माझ्या हातून व्हायचंच होतं’ या वाक्यात फळाच्या रकान्यात कृती भरलेली असते. शाळकरी पोरगं वहीत जमेकडे खर्च लिहितं तसंच ते. त्याच पादात दोन-तीन सूत्रांनंतर पतंजली आणखी एक ओळ टाकतात: ‘हेयं दुःखमनागतम्’. अजून न आलेलं दुःख टाळायचं असतं. सगळंच ठरलेलं असतं तर या सूत्राची शाई वाया गेली.

यावर अभ्यासू माणूस गीतेतलाच श्लोक तोंडावर टाकेल: ‘प्रकृतिं यान्ति भूतानि निग्रहः किं करिष्यति’. सगळे आपापल्या स्वभावावर जातात, दाबून काय होणार? अठराव्या अध्यायात तर अर्जुनाला सरळ बजावलं आहे की तू नाही म्हणालास तरी तुझी प्रकृती तुला लढायला लावेलच. आक्षेप खोटा नाही. शंकराचार्यांनी तो स्वतःच उभा केला आहे: असं असेल तर पुरुषकाराला वाव उरत नाही आणि शास्त्र निरर्थक ठरतं. त्यांचं उत्तर पुढच्या श्लोकात आहे, आणि लोक नेमका तोच वाचायचा सोडतात. प्रत्येक इंद्रियाच्या विषयात राग आणि द्वेष बसलेले आहेत, त्यांच्या ताब्यात जाऊ नकोस. प्रकृती माणसाला थेट ढकलत नाही, आवडनावडीच्या दांडीने ढकलते. ती दांडी सुरुवातीलाच धरली तर शास्त्राला काम उरतं.

‘सुरुवातीलाच’ हा शब्द महत्त्वाचा. दुसऱ्या अध्यायात ती साखळी कडीकडीने दिली आहे: विषयाचं चिंतन, त्यातून आसक्ती, आसक्तीतून इच्छा, इच्छा अडली की क्रोध, मग संमोह, स्मृतिभ्रंश, बुद्धिनाश आणि शेवटी सर्वनाश. आठ कड्या. पहिल्या दोन कड्यांपाशी माणूस सहज बाजूला होतो. चौथीपाशी जमतं, पण घाम फुटतो. पाचवीनंतर ‘मी काय करतोय’ हे सांगणारी स्मृतीच गेलेली असते, तिथे स्वातंत्र्याची भाषा करणं फोल. म्हणजे इच्छास्वातंत्र्य ‘आहे’ किंवा ‘नाही’ असं दोन शब्दांत मिटवता येत नाही. ते जागेनुसार कमीजास्त असतं, आणि उशीर करू तसं आक्रसत जातं. दारू प्यायलेल्या चालकाला स्टिअरिंगवर स्वातंत्र्य नसतं, गुत्त्याच्या दारात होतं. कायदाही त्याला तिथेच पकडतो.

आता दैव. महाभारताच्या अनुशासनपर्वात युधिष्ठिर विचारतो, दैव मोठं की पुरुषकार? भीष्म ब्रह्मदेवाचं वसिष्ठाला दिलेलं उत्तर सांगतात: शेत म्हणजे पुरुषकार, बी म्हणजे दैव. पहिल्यांदा वाचताना हे उलटं वाटतं. जमीन नशिबाने मिळते आणि पेरणी आपण करतो, असं नको का? मंगळवेढ्याच्या काळ्या रानात उभं राहिलं की उलगडा होतो. रब्बी ज्वारीची पेरणी साधारण १५ सप्टेंबर ते १५ ऑक्टोबर. घाई केली तर खोडमाशी पोंगा खाते. उशीर झाला तर ओल खाली उतरते आणि दाणा भरायच्या वेळी ताटाला पाणी मिळत नाही. हेक्टरी १० किलो बी, दोन ओळींत ४५ सेंटिमीटर, काणी हा रोग येऊ नये म्हणून किलोला ४ ग्रॅम गंधक चोळायचं. पेरणीआधी उन्हाळ्यात नांगरट, कुळवाच्या पाळ्या, पावसाचं पाणी जागीच मुरावं म्हणून बंदिस्त वाफे. हे सगळं ‘शेत’ आहे, मेहनतीने तयार केलेलं. बी मात्र हातात येतं ते मागच्या हंगामाचं. आज त्याचा गुण बदलता येत नाही. दैव म्हणजे तेच, मागचं.

पण ‘मागचं’ कोणाचं? मालदांडी ज्वारीचा एम ३५-१ हा वाण मोहोळच्या संशोधन केंद्रावर निवडीने काढलेला. आजच्या शेतकऱ्याच्या दृष्टीने तो आयता, म्हणजे दैव. प्रत्यक्षात कुणीतरी वर्षानुवर्षं कणसं पारखली त्याचं ते फळ. याज्ञवल्क्यस्मृती हीच गोष्ट न आडवळता सांगते: पूर्वदेहातलं पौरुष प्रकट झालं की त्यालाच दैव म्हणतात. एका चाकावर रथ चालत नाही, तसं पुरुषकारावाचून दैव सिद्धीला जात नाही, हेही तिथलंच. या स्मृतीवरची ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने चालुक्यांच्या कल्याणीत लिहिली, म्हणजे सोलापुरातून हैदराबादच्या वाटेला लागलं की येणाऱ्या आजच्या बसवकल्याणात. वारसाहक्क ठरवताना न्यायालयांनी शतकभराहून अधिक काळ ज्या ग्रंथाचा आधार घेतला, त्याच्या मुळातच दैवाची ही व्याख्या आहे. योगवासिष्ठ हा ग्रंथ आणखी रांगडं बोलतो: मागचा प्रयत्न आणि आताचा प्रयत्न हे टक्कर घेणारे दोन एडके, ज्याच्या अंगात जोर जास्त तो जिंकणार.

इथवर ग्रंथ आपल्या बाजूने आहेत. आता अडचणीच्या जागा.

त्याच अनुशासनपर्वाच्या पहिल्या अध्यायात गौतमीची गोष्ट आहे. साप चावून तिचा मुलगा मेला. अर्जुनक नावाच्या व्याधाने साप बांधून आणला आणि विचारलं, जाळू की तुकडे करू? साप म्हणाला, मी परतंत्र आहे, मृत्यूने पाठवलं. व्याध म्हणाला, मडकं घडायला दांडा आणि चाक कारण असतात तसा तूही कारण आहेस. मृत्यू आला आणि म्हणाला, मला काळाने पाठवलं. काळ आला आणि म्हणाला, आम्ही कोणीच नाही, मुलाचं स्वतःचं कर्म. गौतमीने साप सोडायला सांगितलं.

गोष्ट सुंदर आहे आणि घातकही. व्याधाच्या दाखल्याला शेवटपर्यंत सरळ उत्तर मिळत नाही, नवा मोठा साक्षीदार येतो एवढंच. तरीही एक बारकावा सुटू नये. ‘माझ्याही कर्माने माझा मुलगा गेला’ असं म्हणते ती गौतमी, स्वतःच्या मुलाबद्दल, स्वतःच्या दुःखाबद्दल. त्याने तिचा सूड शमतो. तेच वाक्य सापाने म्हटलं असतं तर ती पळवाट झाली असती. शिवाय साप हा साप आहे, त्याच्यासाठी कोणी विधिनिषेध लिहिलेला नाही. ट्रॉलीमालकासाठी लिहिलेला आहे, मोटार वाहन नियमांत. खटकणारी गोष्ट वेगळीच आहे. ही कथा सांगून ज्याची समजूत घातली जातेय तो युधिष्ठिर मेलेल्यांचा बाप नाही, मारणाऱ्यांचा राजा आहे. भीष्मांनी इथे सोपं औषध दिलं असं माझं मत आहे.

दुसरी अडचण मोठी. छांदोग्य उपनिषद सांगतं की ज्यांचं आचरण रमणीय ते ब्राह्मण, क्षत्रिय, वैश्य योनीत जातात, आणि ज्यांचं घाणेरडं ते कुत्रा, डुक्कर किंवा चांडाळ योनीत. इथे सिद्धांत सरळ सरळ दुसऱ्याकडे बोट दाखवतो. ‘उपनिषदाचा खरा अर्थ निराळा’ अशी सारवासारव करण्यात अर्थ नाही. याची किंमत मंगळवेढ्याच्याच चोखोबांनी मोजली. त्यांच्या नावावरच्या एका अभंगात आपण महार जन्माला आलो कारण मागच्या जन्मी कृष्णनिंदा घडली, असं म्हटलं आहे: ‘चोखा म्हणे विटाळ । आम्हां पूर्वींचें हें फळ’. ज्याच्यावर अन्याय होतो त्याच्याच तोंडून अन्यायाचं समर्थन वदवून घेणारा विचार किती खोल रुजला होता ते या ओळीत दिसतं. याच घरातली सोयराबाई मात्र मागच्या जन्माकडे न जाता तर्क करते: विटाळ देहातच जन्मला, मग सोवळा कोण झाला? तिला उत्तर देणं अवघड होतं, म्हणून तिची ओळ कमी गायली गेली की काय, कोण जाणे. चोखोबा गेले ते मंगळवेढ्यात गावकुसाचं काम करताना भिंत अंगावर पडून, १३३८ साली.

‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात डॉ. आंबेडकरांनी या सिद्धांतावर ठेवलेला आरोप नेमका आहे: गरिबांच्या आणि खालच्या मानलेल्यांच्या स्थितीची जबाबदारी राज्याने आणि समाजाने टाळावी, हाच मागच्या जन्माच्या कर्माचा उपयोग. या आरोपाला ‘पण गीतेत असं नाही’ हे उत्तर पुरत नाही. वेदान्ताने विषमतेचं जे उत्तर दिलं ते पाऊस आणि बियांचं. पाऊस सगळीकडे सारखा, भात वेगळा आणि जव वेगळा उगवतो तो बियांमुळे, म्हणून ईश्वराकडे पक्षपाताचा दोष नाही. मग पहिलं बी वेगळं का? तर संसार अनादि आहे, पहिलं बी नाहीच. याने ईश्वर सुटतो, विषमतेचं कारण मात्र एकेक पायरी मागे ढकललं जातं. जी बाकी कधीच तपासता येत नाही तिच्या आधारावर आज कोणाच्या वाट्याचं पाणी तोडता येत नाही.

आणि धर्म? धर्म मागचं खातं विचारत नाही. पंधराव्या शतकातल्या दुष्काळात दामाजीपंत बिदरच्या बादशहाचे मंगळवेढ्यातले अंमलदार होते. कोठार सरकारचं, दारात भुकेले लोक. एकीकडे स्वामीशी इमान, दुसरीकडे अन्नदान, आणि दोन्हीला धर्मच म्हणतात. त्यांनी कोठार उघडलं. समोरच्याची भूक कुठल्या जन्माची, याची चौकशी करून माप भरलं असं कोणीही सांगत नाही. परंपरा पुढे सांगते की विठ्ठलाने विठू महाराच्या रूपात जाऊन धान्याची रक्कम भरली. चमत्कार मानायचा की नाही ते ज्याने त्याने ठरवावं. लोकांनी दैवाला कुठल्या बाजूला उभं केलं ते पाहण्यासारखं आहे: कोठार उघडणाऱ्याच्या.

१९७२ च्या दुष्काळात याच जिल्ह्यात माणसं खडी फोडायला आणि पाझर तलावांवर गेली. त्यातून रोजगार हमी उभी राहिली आणि १९७७ साली तिचा कायदा झाला. मागेल त्याला काम, हा हक्क झाला. त्या कायद्याच्या कलमांत प्रारब्ध हा शब्द नाही. बाराव्या शतकात सिद्धरामांनी सोलापुरात तळं खोदवलं त्यालाही वेगळं स्पष्टीकरण लागत नाही. पाऊस कमी पडणं ज्याच्या त्याच्या भोगावर सोडायचं असतं तर तळ्याची माती कोणी उपसली असती?

तर ट्रॉलीकडे परत येऊ. गीतेच्या अठराव्या अध्यायात कुठल्याही कर्माची पाच कारणं दिली आहेत: अधिष्ठान, कर्ता, करण, चेष्टा आणि पाचवं दैव. शंकराचार्य अधिष्ठान म्हणजे शरीर घेतात, दैव म्हणजे इंद्रियांना बळ देणाऱ्या देवता. रामानुज तिथे परमात्मा घेतात. ‘नशीब’ हा अर्थ दोघांपैकी एकाचाही नाही. मी इथे शब्द जरा सैल वापरतो आहे. लगेच पुढे असंही म्हटलं आहे की जो फक्त स्वतःलाच कर्ता समजतो त्याची बुद्धी कच्ची. म्हणजे एकट्या चालकाला चोपून मोकळं होणंही गीतेला मान्य नाही. अपघाताचा पंचनामा या पाच रकान्यांत करून पाहावा.

अधिष्ठान: वळणावर दिवा होता का, बाजूपट्टी होती का, की डांबराच्या कडेला वीतभर खड्डा असल्यामुळे ट्रॉली खाली घेताच आली नाही? कर्ता: ट्रॅक्टर कोण चालवत होता, सलग किती तास, त्याला खेपेमागे पैसे मिळतात की दिवसावर? खेपेवर असेल तर तो थांबणार नाही. करण: मागचा दिवा, रिफ्लेक्टर, दोन ट्रॉल्यांमधली पिन आणि साखळी, टायरची नक्षी. उसाच्या टोकांना लाल कापड किंवा रेडियमची पट्टी बांधली होती का? ती मोळी रचून झाल्यावरच बांधावी लागते, आधी लावलेली झाकली जाते, आणि बहुतेक ठिकाणी नेमकं हेच चुकतं. रिकामी ट्रॉली काट्यावरून परत सुटते तेव्हा तिचा दिवा कोणी पेटवून पाहिला होता का? चेष्टा: ट्रॉली बंद पडल्यावर मागे पन्नास पावलांवर काही खूण ठेवली का, दगड नंतर उचलले का, मोटारसायकलवाल्याचा वेग किती आणि डोक्यावर हेल्मेट होतं का. पाचवं दैव: डिसेंबरातलं पहाटेचं धुकं, समोरून नेमक्या त्याच क्षणी आलेल्या ट्रकच्या दिव्यांनी दिपलेले डोळे. हा रकानाही भरायचा, कोरा सोडायचा नाही. फक्त त्याचा क्रमांक पाचवा आहे, आणि आपल्याकडे पंचनामा तिथूनच सुरू होतो.